तरुण हवामान संशोधकांचे काम आणि शेतावरची नोंदवही

(ओझर, ता. जुन्नर येथे द्राक्ष, टोमॅटो व कांदा उत्पादक शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



 नवे वाण, नवे खत किंवा नवे औषध यावर मी आज बोलणार नाही. त्या विषयांवर आमचे इतर सहकारी नेहमी बोलतात. पुण्यात हवामानाचा अभ्यास करणारी पंचवीस ते पस्तीस वयाची मुले-मुली नेमके काय करतात, त्यांच्या कामाचा तुमच्या बागेशी काय संबंध आहे आणि ते काम तुमच्या बांधापर्यंत यावे म्हणून तुम्ही व आम्ही काय करावे, हा आजचा विषय आहे.

पुणे ही हवामानशास्त्राची जुनी पेठ आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, तरी संशोधनाचे काम पुण्यातच राहिले. १९६२ साली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था स्थापन झाली. ती आज पाषाणला आहे. शिवाजीनगरच्या कृषि महाविद्यालयातही कृषि हवामानशास्त्राचे उच्च शिक्षण दिले जाते. ओझरपासून हे सारे शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरीही तेथे काय चालते हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. संशोधक आपले निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकांत छापतात आणि परिषदांमध्ये एकमेकांना सांगतात. आपल्या हाती येतो तो शेवटचा अंदाज, म्हणजे 'तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता' एवढे एक वाक्य. त्यामागचे काम दिसत नाही. त्यामुळे अंदाज चुकला की आपण साऱ्या शास्त्राला नावे ठेवतो, आणि बरोबर आला की योगायोग म्हणतो. या दोन्हींनी आपले नुकसानच होते.

आकडे येतात कोठून?

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती अशी की, संगणक कितीही मोठा असला तरी पाऊस मोजण्याचे काम जमिनीवरच करावे लागते. सकाळी साडेआठ वाजता कोणीतरी पर्जन्यमापकापाशी जातो, पाणी मोजतो आणि आकडा लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी, धरणावर, कृषि संशोधन केंद्रावर असे लोक वर्षानुवर्षे हे काम करीत आले आहेत. त्यांची नावे कोठे छापून येत नाहीत.

पुण्याच्या हवामान कार्यालयातील शिवानंद पै व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०१ पासूनच्या अशा नोंदी एकत्र केल्या, तपासल्या आणि २०१४ मध्ये देशाच्या दैनंदिन पावसाचा एक सलग संच प्रसिद्ध केला. त्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. आज देशातला कोणताही विद्यार्थी मान्सूनवर प्रबंध लिहू लागला की बहुधा हाच संच उघडतो.

अशा जुन्या नोंदींतून काय हाती लागते याचे एक उदाहरण देतो. २०१७ साली पाषाणच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे त्यात दाखविले आहे. पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात. तसे नुसते म्हणणे आणि पासष्ट वर्षांचे आकडे मांडून ते दाखविणे यात मोठे अंतर आहे. आकडे मांडले म्हणजे धरणाचा सांडवा, पुलाची उंची, बागेतला चर यांचा हिशेब नव्याने करता येतो.

आपल्या भागाला हे फार जवळून लागू आहे. ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ती घटना आपणांस सांगण्याची गरज नाही. अशा प्रसंगी घाटातल्या त्या कड्यावर गेल्या दोन दिवसांत किती पाऊस झाला, हा प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो. नाणेघाटापासून आणे पठारापर्यंतचे सरळ अंतर जेमतेम साठेक किलोमीटर असेल. एका टोकाला पावसाळ्यात धुके हटत नाही, तर दुसऱ्या टोकाला जनावरांना पाणी पुरत नाही. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक पडतो. तो एका-दोन मापकांनी कळणारा नाही.

तीन तरुणांचे काम

आता मागच्या काळातील तीन संशोधकांविषयी सांगतो. तिघांचाही पुण्याशी संबंध आहे आणि तिघांनीही महत्त्वाचे काम तरुण वयातच सुरू केले.

पहिले लक्ष्मीनारायणपुरम अनंतकृष्ण रामदास. त्यांचा जन्म १९०० चा. १९३२ साली पुण्यात हवामान खात्याची कृषि हवामान शाखा सुरू झाली आणि ती त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी व आत्मनाथन यांनी एक विलक्षण निरीक्षण मांडले. निरभ्र व वारा पडलेल्या रात्री जमिनीचा पृष्ठभागच सर्वांत थंड असतो, असे तोवर सर्वजण मानीत. रामदासांना मोकळ्या जमिनीवर वेगळेच दिसले. सर्वांत कमी तापमान जमिनीला टेकून नव्हते. ते जमिनीच्या काहीसे वर, विती-दोन वितींच्या उंचीवर होते. हे मोजमापच चुकले असावे, असे परदेशातील अनेकांना बराच काळ वाटत होते. पुढे इतर देशांतही तेच दिसले. १९९३ साली बंगलोरच्या रोद्दम नरसिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागची भौतिक कारणे मांडली. या थराला आज जगभर 'रामदास थर' म्हणतात.

याचा आपल्याशी संबंध काय? कांद्याचे रोप आणि टोमॅटोचे रोप गादीवाफ्यावर साधारण त्याच उंचीत वाढते. रेडिओवर सांगितलेले किमान तापमान चार फूट उंचीवरच्या पेटीतले असते. रोपाच्या शेंड्याला लागणारी थंडी त्याहून निराळी असू शकते. द्राक्षाच्या मांडवाखाली घडाच्या उंचीवर आणखी निराळी असते. म्हणून थंडीच्या दिवसांत 'पुण्यात इतके अंश' हे ऐकून निर्णय घेऊ नये. आपल्या वाफ्यावरचे तापमान मोजावे.

दुसऱ्या अॅना मणी. त्यांचा जन्म १९१८ चा. १९४८ साली त्या पुण्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. त्या काळी साधी हवामान उपकरणेही परदेशांतून येत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची आरेखने प्रमाणित केली आणि ती देशात तयार होण्याचा मार्ग मोकळा केला. पुढे सूर्यप्रकाश व वाऱ्याच्या मोजणीचे देशव्यापी काम त्यांनी उभे केले. आज सौर पंप बसविताना आपल्या भागात किती ऊन मिळते याचा हिशेब धरला जातो, त्याची पायाभरणी त्या कामात आहे. त्यांच्या कामातून घेण्याचा धडा असा की, चुकीचे उपकरण नसलेल्या उपकरणापेक्षा घातक असते. कारण चुकीचा आकडा माणसाला खात्री देतो.

तिसऱ्या सुलोचना गाडगीळ. १९४४ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून १९७१ मध्ये त्या परत आल्या आणि पाषाणच्या संस्थेत दोन वर्षे काम करून पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. पुण्यातील सिक्का यांच्यासह त्यांनी उपग्रहाची चित्रे दिवसागणिक तपासली आणि १९८० साली दाखवून दिले की, पावसाळ्यात विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा पट्टा तयार होतो व तो उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने असे पुन्हा पुन्हा घडते. ऐन पावसाळ्यात मधेच जी उघडीप पडते, त्याचे एक मोठे कारण यात आहे. ही उघडीप मान्सूनचा नेहमीचा चढउतार आहे, हे ध्यानात घेऊन पहिल्या पावसावर सगळे बी एकदम जमिनीत घालण्याची घाई करू नये.

गाडगीळ यांनी पुढे आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कर्नाटकातील पावगड व आंध्रातील अनंतपूर या कोरडवाहू भागात त्या व त्यांचे तरुण सहकारी शेतकऱ्यांकडे गेले. 'तुम्हांला हवामानाबद्दल नेमके काय जाणून घ्यायचे आहे?' असे त्यांनी विचारले. भुईमुगाची पेरणी केव्हा करावी, हा प्रश्न शेतकऱ्यांकडून आला. अनेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी व पीकवाढीचे गणित एकत्र करून पाहिले तेव्हा जुलैच्या मध्यानंतरची पेरणी तिकडे कमी धोक्याची ठरते, असे दिसले. हा निष्कर्ष तिकडचा आहे. तो जसाच्या तसा आपल्याकडे आणू नये. पण त्यातली पद्धत आपल्या कामाची आहे. जुन्या पिकांबाबत पिढ्यान्‌पिढ्यांचे अनुभव असतात, नव्या पिकांबाबत ते नसतात. आपल्याकडची निर्यातीची द्राक्षे व बारमाही टोमॅटो ही तशी नवीच पिके आहेत. यांच्याविषयी आजोबांचा आडाखा उपलब्ध नाही. तो आकड्यांतूनच तयार करावा लागेल.

सध्या काय चालले आहे?

आजच्या तरुण संशोधकांची कामे तीन-चार प्रकारची आहेत. ती थोडक्यात सांगतो.

एक काम अंदाजाची चौकट लहान करण्याचे. संगणक देशाचे चौरस पाडून प्रत्येक चौरसाचा अंदाज काढतो. पूर्वी हा चौरस १२ किलोमीटर बाजूचा होता. मे २०२५ मध्ये पाषाणच्या संस्थेने विकसित केलेली ६ किलोमीटरची 'भारत' अंदाज प्रणाली कार्यान्वित झाली. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला पूर्वी एक आकडा होता, तेथे आता चार आकडे मिळतात. डोंगराळ तालुक्याला याचा फायदा व्हायला हवा. मात्र चौकट लहान झाली म्हणजे अंदाज आपोआप अचूक झाला असे समजू नये. तो आपल्या भागात किती खरा ठरतो हे पडताळण्यासाठी येथलाच मोजलेला पाऊस लागतो.

दुसरे काम ढगांचे. कृत्रिम पावसाबद्दल प्रत्येक सभेत प्रश्न येतो, म्हणून सांगतो. १९७३ ते १९८६ या काळात अकरा पावसाळे पुण्याच्या संस्थेने बारामती परिसरात विमानातून ढगांत मीठ फवारण्याचे प्रयोग केले. २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर भागात पुन्हा प्रयोग झाले. सोलापूरच्या प्रयोगात सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रावर १८ टक्क्यांच्या आसपास वाढ आढळल्याचे संशोधकांनी नोंदविले. फवारणी आधीच आलेल्या योग्य ढगांवर करावी लागते. ढग नसतील तर काही उपयोग नाही. या प्रयोगांतली शिकण्यासारखी गोष्ट अशी की, काही ढग मुद्दाम न फवारता सोडले जातात आणि कोणते सोडायचे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते. तुलनेला न फवारलेला ढग नसेल तर पाऊस फवारणीने आला की तसाही येणार होता, हे कळणार नाही. आपणही नवे औषध वापरताना दोन ओळी तशाच सोडाव्यात, म्हणजे दुकानदाराच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही.

तिसरे काम पीक व हवामान यांची सांगड घालण्याचे. कृषि महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा हेच करतात. त्यातले उष्मांकाचे गणित अगदी सोपे आहे. दिवसाचे कमाल व किमान तापमान घ्यावे, सरासरी काढावी व त्यातून पिकाचे आधार तापमान वजा करावे. द्राक्षासाठी ते १० अंश धरतात. कमाल ३० व किमान १४ असेल तर सरासरी २२, म्हणजे त्या दिवसाचे १२ उष्मांक. छाटणीपासून रोजची अशी बेरीज ठेवली तर बाग फुलोऱ्यात केव्हा येईल, मण्यात पाणी केव्हा भरेल याचा अंदाज दिवस मोजण्यापेक्षा चांगला येतो. थंडी लांबली की दिवस वाढतात, पण उष्मांकांची बेरीज फारशी बदलत नाही.

अंदाजाची भाषा

संशोधकाच्या कामाचा उपयोग व्हायचा तर त्याची भाषा थोडी समजून घ्यावी. हवामान खात्याचे शब्द ठरलेले असतात.

'हलका पाऊस' म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. 'मध्यम' म्हणजे १५.६ ते ६४.४. 'जोरदार' म्हणजे ६४.५ ते ११५.५. 'अति जोरदार' म्हणजे ११५.६ ते २०४.४. त्यापुढचा 'अत्यंत जोरदार'.

जागेचे शब्दही ठरलेले आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातील शंभरांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. तेव्हा 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे सांगितले आणि ओझरात पडला नाही, पण ओतूरला पडला, तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. उलट 'बहुतांश ठिकाणी' सांगूनही सारा तालुका कोरडा राहिला तर तो चुकलाच. हा भेद ध्यानात ठेवावा.

खर्च आणि धोका यांचा हिशेब

पाऊस येण्याची शक्यता तीस टक्के आहे असे सांगितले तर फवारणी करावी की नाही? शास्त्रज्ञ याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण ते तुमच्या पैशावर अवलंबून आहे. त्यासाठी एक सोपा हिशेब करावा. समजा, प्रतिबंधक फवारणीचा एकरी खर्च २,००० रुपये आहे आणि फवारणी न करता पाऊस आलाच तर केवड्यामुळे २०,००० रुपयांचे नुकसान होईल. खर्चाला नुकसानीने भागा. उत्तर दहावा हिस्सा, म्हणजे दहा टक्के येते. पावसाची शक्यता दहा टक्क्यांहून जास्त असेल तर फवारणी परवडते. आता हेच पीक काढणीच्या जवळ आहे, औषधाचा अंश राहिला तर निर्यातीचा माल नाकारला जाईल, अशी स्थिती असेल तर खर्चाचा आकडा फार मोठा होतो आणि उत्तर उलट येते. एकाच अंदाजावर दोन शेजाऱ्यांनी वेगळे निर्णय घेणे यात काही चूक नाही. अंदाज शास्त्रज्ञाने द्यावा आणि हिशेब आपण करावा.

रोगाच्या बाबतीत एक भेद लक्षात असू द्या. केवड्याला पानावर पाण्याचा थर लागतो. भुरीला तो लागत नाही, दमट व ढगाळ हवा पुरते. म्हणून 'आभाळ आले, फवारा' हा सरसकट नियम पैसे वाया घालवितो. पान किती तास ओले राहिले, ही नोंद पाहून कोणत्या रोगाची भीती आहे ते ठरवावे.

शेतावरची नोंदवही

आता आपण स्वतः काय करावे ते सांगतो. यास फारसा खर्च नाही.

१) पर्जन्यमापक मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा, तोंड व बूड सारख्याच रुंदीचे असलेला डबा घ्यावा. त्यात साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. वर रुंद व खाली निमुळते भांडे चालत नाही. बाटलीवर मोठे नरसाळे लावले तर पट्टीचा आकडा खोटा येतो.

२) डबा उघड्या जागेत, हलणार नाही असा बसवावा. जवळचे झाड, भिंत किंवा मांडव जितका उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. पागोळीचे पाणी किंवा तुषाराचे पाणी त्यात उडता कामा नये.

३) मोजणी रोज सकाळी साडेआठला करावी व आकडा त्याच तारखेस लिहावा. सारा देश याच वेळी मोजतो, म्हणून तुलना करता येते.

४) पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. मोजायचे राहिले तर 'नोंद नाही' असे लिहावे, अंदाजाने आकडा घालू नये. शून्य आणि 'नोंद नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

५) कमाल-किमान तापमापी सावलीत, हवा खेळती असेल अशा पेटीत, सुमारे चार फूट उंचीवर ठेवावी. पत्र्याखाली किंवा भिंतीला टांगू नये. शक्य झाल्यास दुसरी तापमापी घडाच्या किंवा रोपाच्या उंचीवर ठेवावी.

६) त्याच पानावर छाटणीची तारीख, फुलोरा, पहिला रोग दिसल्याची तारीख, फवारणी व पाणी यांची नोंद ठेवावी. नुसत्या पावसाच्या वहीपेक्षा पाऊस व पीक एकत्र असलेली वही दसपट मोलाची असते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर पाणी, एकरावर सुमारे चार हजार लिटर. आठ मिलिमीटर झाला असेल तर ठिबक किती वेळ बंद ठेवावे हे या आकड्यावरून ठरविता येते. वहीचा पहिला फायदा असा घरच्या घरीच मिळतो.

विम्याबाबत एक खुलासा करतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातील हवामान केंद्राची नोंद ग्राह्य धरली जाते. तुमची वही तेथे पुरावा म्हणून चालत नाही. २०१७ पासून राज्यात 'महावेध' प्रकल्पातून मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसविण्यात आली. तुमच्या वहीतला आकडा व केंद्राचा आकडा शेजारी शेजारी लिहीत गेल्यास दोन-तीन हंगामांत कळेल की केंद्र तुमच्या शिवाराचे चित्र कितपत दाखविते. सतत मोठा फरक दिसला तर गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून, आकड्यांसह तो कृषि विभागापुढे मांडावा. तोंडी तक्रारीपेक्षा लेखी आकड्यांना वजन असते.

संशोधकाला काय विचारावे?

एखादा तरुण संशोधक किंवा विद्यार्थी गावात आला तर त्याला चहा पाजून निरोप देऊ नका. चार प्रश्न विचारा. हे तुम्ही कोठे मोजले? किती वर्षे मोजले? तुमचा अंदाज दहापैकी किती वेळा चुकतो? आणि माझ्या पिकाच्या या अवस्थेत त्याचा उपयोग काय? ज्याचे काम पक्के असते त्याला हे प्रश्न आवडतात. विशेषतः तिसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर देणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवावा. आपला अंदाज कधीच चुकत नाही असे सांगणारा बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो.

त्याचबरोबर आपलेही एक कर्तव्य आहे. त्याने प्रश्नावली भरून नेली, पाने तोडून नेली, मातीचे नमुने नेले, तर वर्षभराने काय निष्पन्न झाले ते येऊन मराठीत सांगण्याची अट घालावी. हे अशक्य नाही. आपल्याच तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन भरते. शाळांची मुले व गावकरी जातात आणि संशोधक त्यांना आकाशातल्या ताऱ्यांविषयी समजावून सांगतात. लाखो प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची माहिती गावाला सांगता येते, तर त्याच गावावर पडणाऱ्या पावसाची माहिती सांगायला काय हरकत आहे?

येथे एक काळजीची बाबही सांगितली पाहिजे. २०१८ नंतर देशातील कृषि विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषि हवामान केंद्रे सुरू झाली होती. १९९ केंद्रांतून तरुण हवामानतज्ज्ञ तालुकावार सल्ला देत होते. २०२४ च्या आरंभी ही योजना थांबविण्यात आली. कृषि विद्यापीठांतील केंद्रांमार्फत मंगळवारी व शुक्रवारी सल्ला देण्याची ग्रामीण कृषि मौसम सेवा चालू आहे, तिचा लाभ आपण जरूर घ्यावा. पण घाटमाथा व पठार यांतला फरक पायी फिरून जाणणारा माणूस जवळ असणे ही वेगळी गोष्ट आहे. अशी माणसे टिकावीत असे वाटत असेल तर त्यांच्या सल्ल्याने आपला किती खर्च वाचला, किती माल वाचला हे लिहून ठेवले पाहिजे. शेतकऱ्याला या सेवेचा उपयोग होतो हे आकड्यांनी दाखविता आले नाही तर कागदावर ती सेवा बिनकामाचीच ठरते.

समारोप

बंधु-भगिनींनो, रामदासांना थंडीचा थर सापडला तो जमिनीलगत तापमापी लावून रात्री मोजल्यामुळे. मान्सूनचे सरकते पट्टे सापडले ते दिवसागणिक चित्रे पाहिल्यामुळे. अतिवृष्टीची वाढ सापडली ती साडेआठच्या मोजणीत वर्षानुवर्षे खंड न पाडणाऱ्या माणसांमुळे. पुण्यातल्या तरुणाकडे गणित व संगणक आहे. शिवार, पीक व रोजची हजेरी तुमच्याकडे आहे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय जुन्नरच्या द्राक्षाचा, नारायणगावच्या टोमॅटोचा किंवा आण्याच्या कांद्याचा उपयोगी पडेल असा आडाखा बांधता येणार नाही.

तेव्हा येत्या मृगापासून प्रत्येक वस्तीवर निदान एक डबा व एक वही सुरू करावी. घरात आठवी-नववीत शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर मोजणीचे काम तिच्याकडे किंवा त्याच्याकडे द्यावे. पावसाळा संपल्यावर दहा वस्त्यांच्या दहा वह्या एकत्र घेऊन बसावे आणि आकडे शेजारी शेजारी मांडावेत. त्या बैठकीला एखाद्या तरुण संशोधकास बोलवावे व त्याचे काम त्याच्याकडून ऐकावे. त्यालाही तुमच्याकडून बरेच शिकता येईल.